महापरसादाची सुई

स्टीलचा डबा मला पवनीच्या वक्तृत्व स्पर्धेत मिळाला. विषय होता ‘विज्ञान : शाप की वरदान’, वेळ सात मिनिटं. परीक्षकांनी घंटी वाजवायला हात उचलला आणि त्याच क्षणी माझं ‘जय हिंद’ झालं. आधी लोक हसले, मग टाळ्या. त्याआधी मी वर्गात ‘हजर’सुद्धा इतकं हळू म्हणायची की सरांनी दोनदा माझी गैरहजेरी लावून टाकली होती, आणि मी समोरच बसलेली! पण डबा हातात आला आणि माझा गळा उघडला तो उघडलाच. परतीच्या एसटीत कंडक्टरला भाषण ऐकवलं. घरी आईला दोनदा ऐकवलं. गोठ्यात बैलाला एकदा.

झाकणावर मशीनने टिंबाटिंबांनी कोरलं होतं : कु. रुखमा परसराम, प्रथम, १९८८.

आता एकच जण राहिला होता, माझा मोठा भाऊ. डोमादादा त्या वेळी घरी नव्हता, म्हणजे सेवकभाऊच्या शेतावर असणार. त्या दोघांना वेगवेगळं शोधायची गावात कोणाला गरजच पडत नसे. एक सापडला की दुसरा तिथेच.

सेवकराम म्हणजे दादाचा महापरसाद. आमच्या भागात दोन जण अशी मैत्री बांधतात. नव्या धानाचे दाणे एकमेकांच्या ओंजळीत घालतात आणि त्या दिवसापासून एकमेकांचं नावही घेत नाहीत, ‘महापरसाद’ एवढीच हाक. दरवर्षी दसऱ्याला एकमेकांना काहीतरी वस्तू देतात. आणि दिलेल्या वस्तूला देणाऱ्याने पुन्हा हात लावायचा नाही, हा मोठा नेम. सेवकभाऊ आमच्याकडे जेवला की ओल्या हातांनीच बसून राहायचा, कारण दोरीवर वाळत असलेला दुपट्टा, म्हणजे खांद्यावरचा पंचा, त्यानेच दादाला दिलेला असायचा. आई हसत पदर पुढे करायची.

ही मैत्री साधी नव्हती. सेवकभाऊचं घर कुणब्यांचं, मोठ्या शेतीचं. आमचं घर बौद्ध. स्टँडवरच्या चहाच्या टपरीत तेव्हा आमच्या लोकांसाठी वेगळे कप खिळ्याला टांगलेले असत, कान तुटलेले. हे दोघं दहा वर्षांचे असताना सेवकभाऊने तो तुटका कप काढला, त्यात चहा मागितला आणि अख्ख्या स्टँडसमोर दादाच्या उष्ट्यातून प्यायला. घरी त्याला तुराटीने मार पडला. पण पोरगा हटेना, तेव्हा त्याच्याच बापाने पुढच्या हंगामात दोघांच्या ओंजळीत धान घातलं. माझे बाबा म्हणायचे, “आपण देव सोडले रुखमे, पण महापरसाद कोनी सोडन का?”

तर मी डबा घेऊन धानाच्या बांधावरून पळत विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीपाशी गेले. दार लोटलं आणि तिथेच थांबले.

दादाच्या दंडाला दोरी बांधलेली होती. सेवकभाऊने आपल्या दंडातून सुई काढली, लुंगीच्या टोकाला पुसली आणि दादाकडे दिली. बिडी देतात तशी.

“रुखमे!” दादा ओरडला. “इथं काहून आली?”

“डबा दाखवाले,” मी म्हणाले. माझा नवा आवाज कुठल्या कुठे गेला होता.

दादाच्या सुईबद्दल घरात सगळ्यांना माहीत होतं, पण आम्ही तिला औषध समजत होतो. दोन वर्षांपूर्वी तो राईस मिलच्या पट्ट्यात सापडला आणि पाय दोन ठिकाणी मोडला. दुखणं थांबावं म्हणून कोण्या डॉक्टरने इंजेक्शन लिहून दिलं. पाय जुळला, इंजेक्शन राहिलं. टेकचंद नावाचा ट्रकवरचा एक ओळखीचा माणूस नागपुरातून त्याच औषधाच्या काचेच्या बाटुकल्या आणून द्यायचा. हे मला माहीत होतं. सेवकभाऊचा पाय मात्र कधीच मोडला नव्हता.

“सेवकभाऊ, तुमाले काय झालं?” मी विचारलं.

तो लाजल्यासारखा हसला. “मले कुठं काय झालं? महापरसाद एकटाच घेऊन राहिला होता. मनलं, यानं घ्यावं अन् मी पाहात बसावं, हे बरं दिसते का?”

मी परत आले. बैलाला भाषण ऐकवलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मालनबाईंकडे गेले. मालनबाई आमच्या उपकेंद्राच्या नर्स, सायकलवर चार गावं फिरायच्या. त्या महिन्यात त्यांनी आमच्या वर्गातही एक तास घेतला होता, कावीळ, हगवण, उकळलेलं पाणी वगैरे. पोरं मागे बसून कुजबुजत होती, मी मात्र सगळं लिहून घेतलं होतं. बाई अंगणात सिरिंजा उकळत बसल्या होत्या. पितळी भांडं, खाली स्टोव्ह, बाजूला घड्याळ.

मी मैत्रिणीच्या भावाची गोष्ट म्हणून सुरुवात केली. अर्ध्या मिनिटात बाईंनी विचारलं, “डोमा किती दिवसांपासून घेतो?”

मी रडले. मग नाक पुसलं आणि सगळं सांगितलं.

बाई आत गेल्या आणि एक पत्रक घेऊन आल्या. नागपुरातल्या मीटिंगमध्ये वाटलेलं, घड्या पडलेलं. त्यावर एका नव्या रोगाचं नाव होतं, एड्स. मी ते नाव पेपरात एकदा वाचलं होतं, कुठल्यातरी दूरच्या देशाच्या बातमीत.

“हे पाय,” बाई म्हणाल्या. त्यांनी टोचून झालेली एक सुई पाण्यात धरली आणि सिरिंजचा दांडा दाबला. पाण्यात बारीक लाल दोरा सुटला. “पुसली तरी आत रगत राह्यते. एकाचं रगत दुसऱ्याच्या अंगात जाते, रोग असन त तोबी जाते. कावीळ जाते. अन् हा नवा रोग जाते. त्याले औषध नाई, पोरी.”

“पन मंग आपल्या गावात कोनाले हाय का तो?”

“कोनाले ठाऊक? तोंडावर लिवून नसते. माणूस वर्सं न् वर्सं धडधाकट दिसते.” मग त्यांनी विचारलं, “या दोघांच्या सुईले तिसऱ्याचा हात लागते का?”

“काल रातच्याले दादाले खोदून इचारलं. टेकचंद दसऱ्याले येनार हाय. तो येते तवा तिघं मिळून घेतेत. त्याची सिरिंज मोठी हाय मने.”

“अन् टेकचंदची सिरिंज नागपुरात कोना-कोनाच्या हातातून जाते?”

मला ठाऊक नव्हतं. पण टेकचंद मागच्या खेपेला आला होता तेव्हा त्याचे डोळे पिवळे होते, एवढं मी पाहिलं होतं. दसऱ्याला नऊ दिवस उरले होते.

“मी त्याइले सुई सोडाले लावतो,” मी उठून म्हणाले. आवाज परत आला होता.

“एका दिवसात सुटत नाई ते. तू सोड मनशीन, ते तुह्यापासून लपतीन, बस. पयले रगत वाचव. ज्याची सुई त्याची, अन् दरवेळी वीस मिनिटं उकळलेली. जित्ता राह्यला त सोडन बी.” मग जरा थांबून म्हणाल्या, “अन् सांग त्याइले, मी पोलीस नाई, नर्स होय.”

मला वाटलं, झालं काम! प्रथम क्रमांकाची वक्ती मी, दोन माणसांना पटवायला किती वेळ लागतो? शेतावर गेले, मोटारीच्या खोलीसमोर उभी राहिले आणि मुद्देसूद बोलले. रक्त, सुई, रोग, उपाय. हातवारेही केले.

सेवकभाऊ शांतपणे ऐकत होता. ‘वेगवेगळी सुई’ हे शब्द आले आणि त्याचा चेहरा बदलला.

“म्हंजे यानं याची सुई घ्यावी, मी माही घ्यावी?”

“हो!”

“अन् त्या दोन सुया ठेवाच्या कशा? एक खिळ्याले टांगाची का?”

मला आधी समजलंच नाही. मग समजलं आणि माझे कान गरम झाले.

“रुखमे,” तो म्हणाला, “तुह्या भावाच्या उष्ट्या कपासाठी मी मार खाल्ला. पंधरा वर्सं झाली. आता मी मनू का, महापरसाद, तुह्यं रगत मले चालत नाई? मरन आलं तरी मननार नाई.”

“भाऊ, तसं नाई जी ते, रोगाले जात नसते...”

“लोकाइले असते ना?”

दादा खाली मान घालून काडीने माती उकरत होता. मला वाटलं, हा तरी बोलेल. तो एवढंच म्हणाला, “घरी जाय. डोकं नको खाऊ.”

परत येताना मी बांधावर बसून राहिले. खरं सांगायचं तर मला सेवकभाऊचा राग येईना. उलट इतका चांगला माणूस या चांगुलपणानेच मरेल, दादालाही घेऊन, असं वाटत होतं. पत्रकात सगळं होतं, पण कान तुटलेल्या कपाचं काय करायचं ते कुठेच नव्हतं.

उत्तर सापडलं ते आईकडे. दसऱ्याची साफसफाई चालली होती. आईने पेटीतून नवा दुपट्टा काढला आणि म्हणाली, “डोमा यंदा सेवकरामले हाच देनार का? मागच्या वर्सीबी दुपट्टाच, त्याच्या मागच्या वर्सीबी दुपट्टाच. मायबाई, त्या पोराची दोरी भरली असन. अन् देल्लेला एकबी दुपट्टा डोमा वापस वापरनार नाई.”

मी हातातली केरसुणी टाकली.

“माय!”

“काय झालं वो? इंचू चावला का?”

“दिलेल्या वस्तूले देनारा हात लावत नाई!”

“तेच त मनून राह्यली,” आई म्हणाली. पण मी केव्हाच दाराबाहेर होते.

मालनबाईंनी माझी योजना ऐकली आणि इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मग त्यांनी पेटी उघडली. “सरकारी सामान देता येनार नाई. हे माह्या स्वतःचं हाय.” दोन काचेच्या सिरिंजा, दोन-दोन नव्या सुया, प्रत्येक जोडी जुन्या साबणाच्या डबीत कापसावर ठेवलेली. एक डबी हिरवी, एक गुलाबी. “फकत वचन दे. तू टोचाले हात लावाचा नाई, तिथं बसाचं नाई. उकळून देल्लं का बाहेर.”

दसऱ्याच्या दिवशी दुपारी, सोनं वाटायच्या आधी, मी दोन्ही डब्या आपट्याच्या पानांत गुंडाळल्या, वरून लाल दोरा बांधला. हिरवी दादाला दिली. “यंदा दुपट्टा नको देऊ, हे दे. मी पवनीवरून आनलं.” पवनीहून खरं तर मी फक्त दोरा आणला होता. गुलाबी घेऊन सेवकभाऊकडे पळाले. “भाऊ, यंदा दादाले हे दे जा, त्याले लय आवडनार.” मी रागावले नाही याचंच त्याला इतकं बरं वाटलं की त्याने विचारलंसुद्धा नाही.

आमच्या अंगणात दोघं समोरासमोर उभे राहिले. एकमेकांच्या हातात सोनं दिलं, डब्या दिल्या, गळाभेट घेतली. “महापरसाद.” “महापरसाद.” दोन्ही घरची माणसं पाहत होती. मग ते दोघं बांधावरून शेताकडे निघाले आणि मी मागोमाग.

मोटारीच्या खोलीत सेवकभाऊने आधी दोरा सोडला. डबी उघडली. दादाने आपली उघडली. मग दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

“हे कोनाचं डोकं?” सेवकभाऊ म्हणाला.

“माह्यं,” मी म्हणाले. “आता ही तुमची सुई दादानं तुमाले देल्ली. दादा तिले हात लावू शकत नाई. अन् दादाची तुमी देल्ली. तुमी लावू शकत नाई. यात कोनाचा कप खिळ्याले गेला, सांगा?”

दादा आधी हसला. ‘हॅ’ असा एकच आवाज काढला आणि मग त्याला थांबवेना. “महापरसाद, या पोट्टीनं आपल्याले बांधून टाकलं गा.”

सेवकभाऊ हसला नाही. त्याने डबी बंद केली, कपाळाला लावली, नेमाप्रमाणे, आणि कमरेच्या खोच्यात ठेवली. एवढ्यात दाराशी ट्रकचा हॉर्न वाजवल्यासारखा आवाज तोंडाने काढत टेकचंद आला.

“सोनं घ्या, सोनं! अन् हे खरं सोनं.” त्याने पिशवीतून बाटुकल्या आणि आपली मोठी सिरिंज काढली. काच आतून गढूळ झालेली होती. त्याचे डोळे अजून पिवळेच. “चल डोमा, तू पयला. सणाचा मान तुह्या.”

दादाने माझ्याकडे पाहिलं नाही, सेवकभाऊकडे पाहिलं.

“नाई गा,” सेवकभाऊ म्हणाला. “याच्यापाशी माही हाय. माह्यापाशी याची हाय.”

“काय माही-याची? अबे, सालं एकाच ताटातले तुमी, आता सोवळं पाळाले लागले का?”

तोच घाव होता. मला वाटलं, गेलं सगळं. पण सेवकभाऊने खोच्यातली डबी काढली आणि टेकचंदच्या नाकासमोर धरली. “महापरसादानं देल्ली होय. हे सोडून दुसरी घेईन त त्याचा अपमान होईन. अन् याले हात लावशीन त तुह्या हात मोडीन.”

दादा म्हणाला, “माह्यंबी तेच.”

टेकचंद दोघांच्या तोंडाकडे पाहत राहिला. मग खाली बसला. एकाएकी फार थकलेला दिसला. “बरं हाय बा,” तो म्हणाला. “तुमाले देनारं कोनी तरी हाय.”

मी तर माझी ओळ ठरवूनच आले होते. “टेकचंदभाऊ, मालनबाई पोलीस नाई, नर्स होत. तुमचे डोळे दाखवता का त्याइले?” त्याने सिरिंज पिशवीत टाकली आणि निघाला. पण दुसऱ्या दिवशी ट्रक उपकेंद्रासमोर उभा होता, हे मी शाळेत जाताना पाहिलं.

आता उकळण्याचं. बाईंनी सांगितलेली वीस मिनिटं मोजायची कशी? शेतावर घड्याळ नाही. दादाचं वीस मिनिटं म्हणजे एक बिडी. भांडंही नव्हतं. मग मी माझा बक्षिसाचा डबा आणला, तीन दगडांवर ठेवला, तुराट्या पेटवल्या, दोन्ही सिरिंजा सुट्या करून पाण्यात टाकल्या. एकीच्या दांड्याला लाल दोरा बांधला, म्हणजे ओळख राहील. पाण्याला खळखळून उकळी आली आणि मी उभी राहिले.

“आदरणीय व्यासपीठ, वंदनीय गुरुजनवर्ग आणि माझ्या बंधू-भगिनींनो!”

“हे काय?” सेवकभाऊ म्हणाला.

“भाषण. सात मिनिटांचं. तीन वेळा म्हनलं का एकवीस मिनिटं होतेत.”

“तीन वेळा?”

“तीन वेळा. अन् मधात कोनी बोललं त पुन्हा पयल्यापासून.”

मी सांगते, त्या खोलीसमोर जेवढ्या तयारीने मी ते भाषण म्हटलं, तेवढ्या तयारीने पवनीतही म्हटलं नव्हतं. आगीचा शोध, चाकाचा शोध, अणुबाँब, ‘परंतु मित्रांनो, दोष विज्ञानाचा नाही!’ आणि तुराटीचा धूर डोळ्यांत. झालं की डबा उतरवायचा, पाणी ओतायचं, दोन डब्या ज्याच्या त्याच्यासमोर ठेवायच्या आणि घरी निघायचं. वचन दिलं होतं.

दिवाळीपर्यंत दोघांना भाषण पाठ झालं. सेवकभाऊ धान कापताना ‘दोष विज्ञानाचा नाही’ असं ओरडायचा आणि बायका हसायच्या. आधी ते रोज घेत होते. रोज तीन भाषणं. मग एक दिवस मी शाळेतून थेट शेतावर गेले तर चूल थंडच.

“आज नाई,” दादा म्हणाला.

“काहून? दुखत नाई का?”

“दुखते. पन तुह्यं भाषन आठवलं, त मनलं दुखू दे.”

असं एकदम सुटलं, असं नाही. मधे एकदा दादा दोन दिवस घामाने भिजून पडला होता, आईने विचारलं आणि मी तिला सगळं सांगून टाकलं. मग तिने राखेने माझा डबा घासायला घेतला. बुड पार काळं पडलं होतं. घासून झाल्यावर म्हणाली, “उद्या मीबी येतो भाषन ऐकाले.” ती आली. मोटारीच्या खोलीसमोर पदर खोचून तिन्ही वेळा ऐकलं आणि प्रत्येक वेळी टाळ्या वाजवल्या. दादा तिच्याकडे पाहू शकला नाही. त्या आठवड्यात त्याने एकदाच डबी उघडली.

परवा मालनबाईंनी दादा, सेवकभाऊ आणि टेकचंद अशा तिघांना नागपूरला नेलं, मोठ्या दवाखान्यात. रक्त तपासायला दिलंय, कळायला वेळ लागणार आहे. सुई सोडायला मदत करणारा एक डॉक्टरही तिथे बसतो म्हणे, दर पंधरा दिवसांनी बोलावलंय. टेकचंदनेही दर वेळी जायचं कबूल केलंय, ट्रकचा मार्ग तोच आहे. रक्तात काय निघेल ते निघेल. सेवकभाऊ एसटीत चढताना म्हणाला, “काय निघालं तरी दसऱ्याच्या नंतरचं काई नसन, एवढं पक्कं.”

मी मात्र अडचणीत आले आहे. जानेवारीत तालुक्याची स्पर्धा आहे, नवा विषय, आणि वेळ फक्त पाच मिनिटं. काल संध्याकाळी शेतावर पाठ करायला गेले, तर ते दोघं बांधावर हातात काहीच न घेता बसलेले. चूल थंड, डबा रिकामा.

“चला, ऐका,” मी म्हणाले. “वीस मिनिटाइले चारदा मनावं लागन.”

“अवो बाई,” सेवकभाऊने हात जोडले, “आता त उकळाले काई नाई!”

“नाई ना?” मी म्हणाले. “मंग नुसतं ऐका.”

आणि ते बसले, दोघंही, शेवटपर्यंत.